नाटक नापसंत

मागच्या मृगात वस्तीतला एक पोरगा माझ्या ओट्यावर येऊन बसला. जय भीम घातला आणि गप्प राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "गुरुजी, वही गेली."

कसली वही, तर नाटकाची. दोनशे पानी वहीत त्यानं दोन अंकी नाटक लिहिलं होतं. शहरातल्या एका छोट्या नाट्यसंस्थेला नवी संहिता पाहिजे आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं. नाटकवाले लोक नाटकाच्या वहीला संहिता म्हणतात. पोरगं यष्टीत बसून गेलं आणि वही देऊन आलं. झेरॉक्स काढली नाही. पैसे नव्हते म्हणून नाही; ध्यानातच आलं नाही. सात महिने फोन करत राहिला. कधी 'वाचतोय' म्हणाले, कधी 'विषय चांगला आहे, पण हे नाटक नाही, पथनाट्य करा' म्हणाले. शेवटी म्हणाले, वही सापडत नाही.

त्याचं नाटक ऊसतोडीतल्या बायांवर होतं. आमचा पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगरात. मांजरा नदी इथंच उगम पावते, पण तिचं पाणी खालच्या लोकांना. आमच्या वाट्याला कोयता. दसरा झाला की गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल देतो, आणि एक दिवस काम बुडलं तर खाडा कापतो. बाईची पाळी आली तरी खाडा. पोट दुखलं तरी खाडा. म्हणून डॉक्टरकडं जायचं, डॉक्टर म्हणतो पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बाई भिते. उचलीवर उचल घेते आणि पिशवी काढते. २०१९ साली ही गोष्ट पेपरात आली, विधिमंडळात गाजली, शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

पोराची आई त्या आकड्यातली एक आहे. म्हणून त्यानं नाटक लिहिलं.

तो मला म्हणाला, "गुरुजी, आपल्यात असं आधी कुणाचं झालंय का?"

झालंय बाबा. एकदम पहिल्याच माणसाचं झालंय. त्या पोरासाठी आणि त्याच्यासारखं वहीत काही लिहून ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी हा लेख.

मराठी नाटकाचा इतिहास शाळा-कॉलेजात शिकवतात तो १८४३ पासून. त्या साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं. मग पौराणिक नाटकांच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. देव, राक्षस, ऋषी आणि राजे. मग १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचं 'थोरले माधवराव पेशवे'. म्हणजे देवाकडून पेशव्याकडं. या अठरा वर्षांच्या मधोमध एक नाटक लिहून झालं होतं. त्यात देव नव्हता, राजा नव्हता. एक कुणबी होता, त्याची गरवार बायको होती आणि त्यांच्या दारात आलेला जोशी होता. नाटकाचं नाव 'तृतीय रत्न'. लिहिणाऱ्याचं नाव जोतीराव गोविंदराव फुले. साल १८५५. तेव्हा जोतीरावांचं वय अठ्ठावीस.

नाटकाची गोष्ट साधी आहे. जोशी कुणब्याच्या दारी येतो. बाई पोटुशी आहे हे बघतो आणि पोटातल्या लेकराला ग्रहाची पीडा आहे, असं सांगून तिला भिववतो. ग्रह शांत करायचा तर अनुष्ठान करा, ब्राह्मणभोजन घाला. भिलेली माणसं होतं-नव्हतं ते पणाला लावतात. ब्राह्मण जेवून तृप्त होतात, घर रितं होतं. नाटकात एक विदूषक आहे. तो मधूनमधून बोलतो, हसवतो आणि हसता हसता बघणाऱ्याला दाखवून देतो की बघा, इथं फसवणूक चाललीय. एक पाद्रीही आहे, तो वाद घालतो. शेवटी नवरा-बायकोचे डोळे उघडतात आणि दोघं ठरवतात की आपण रात्रीच्या शाळेत जायचं. शाळा कुणाची, तर जोतीराव-सावित्रीबाईंची.

आता मला सांगा, हे कुणाचं नाटक आहे? पोटातल्या लेकराचं भय घालून बाईकडून पैसा काढायचा. तिथं पंचांग होतं, इथं सोनोग्राफीचा कागद आहे. तिथं ग्रह, इथं कॅन्सर. आमच्या पोरानं 'तृतीय रत्न' वाचलेलं नव्हतं. तरी दोघांची गोष्ट एकाच जागी येऊन थांबते: बाईच्या पोटावर. पावणेदोनशे वर्षांत गोष्ट जुनी व्हायला पाहिजे होती. झाली नाही.

जोतीरावांनी हे नाटक लिहून कुणाला दिलं? नाटक मंडळीला नाही दिलं. तेव्हाच्या मंडळ्या पुराणातली आख्यानं करत होत्या. त्यांनी ते दिलं दक्षिणा प्राइज कमिटीला.

ही कमिटी काय होती हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचा डंख कळणार नाही. पेशवाईत पुण्याला श्रावण महिन्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. राज्याची तिजोरी त्यासाठी मोकळी व्हायची. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रज आला, पण त्यानंही दक्षिणा एकदम बंद केली नाही. हळूहळू कमी केली. मग १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या विचाराच्या लोकांनी सरकारला अर्ज दिला की या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. जुन्या वळणाच्या लोकांनी दंगा केला. दक्षिणा आमची, ती पुस्तकाला कशाला? या भांडणात जोतीराव सुधारकांच्या बाजूनं होते. चरित्रकार सांगतात की सुधारकांच्या अंगावर लोक धावून येतील असं दिसलं, तेव्हा जोतीराव महार-मांगांची तरणी पोरं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या झगड्यातून दक्षिणा प्राइज कमिटी निघाली.

म्हणजे बघा. ज्या बक्षिसासाठी आपल्या माणसांनी अंग पुढं केलं, त्या बक्षिसाच्या कमिटीकडं जोतीरावांनी नाटक दिलं. हे माणूस कोण, हेही कमिटीला ठाऊक होतं. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते शाळांच्या कामाबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला होता. शाळेसाठी शालजोडी द्यायला हरकत नव्हती. नाटक मात्र नापसंत झालं.

कसं नापसंत झालं हे जोतीरावांनी स्वतःच 'गुलामगिरी'त, म्हणजे १८७३ साली, लिहून ठेवलं आहे. कमिटीत युरोपियन होते आणि भट सभासद होते. भट सभासदांनी आग्रह धरला आणि युरोपियनांचं काही चाललं नाही. एवढंच. नाटकात खोटं काय आहे, भाषा कुठं कच्ची आहे, पात्रं कुठं फसली आहेत, याचा शब्द नाही. ज्याच्यावर नाटक लिहिलं तोच परीक्षक. जोशानंच जोशाचा निकाल दिला.

बक्षीस गेलं म्हणजे नुसता मान गेला असं नाही. बक्षीस म्हणजे पैसा, पैसा म्हणजे छपाई. नापसंतीचा अर्थ होता की हे वहीतच राहू द्या. जोतीरावांनी वही बाजूला ठेवली. थांबले मात्र नाहीत. १८६९ साली 'ब्राह्मणांचे कसब' स्वतः छापून काढलं. ज्या लबाडीवर नाटक होतं तीच त्यात पद्यात आली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला. पुढं सत्यशोधकांचे जलसे निघाले, गावच्या पारावर सोंगं नाचू लागली. जोशाचं सोंग, भटाचं सोंग, सावकाराचं सोंग. कमिटीनं अडवलेलं नाटक दुसऱ्या वाटेनं बाहेर आलं.

त्याच १८५५ सालातली आणखी एक गोष्ट जोडून सांगितली पाहिजे. जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची लेक, वय वर्षं चौदा. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'नं १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचं पत्र, १८४२ साली नगरला सुरू झालेलं. पाटोद्याहून सौताड्याच्या घाटाकडं गेलं की जामखेडची हद्द लागते, तोच नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. मास्तराचं नाटक नापसंत, विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. साल एकच, शाळा एकच. फरक कशात? वाचणारा कोण होता यात. मिशनऱ्याचे हेतू वेगळे होते, ते असू द्या. पण त्यानं पोरीच्या कागदाला 'हा निबंध नाही' असं म्हटलं नाही. म्हणून आज मुक्ताचा शब्द आपल्या हातात आहे.

मग जोतीरावांच्या नाटकाचं काय झालं? ते जगलं, कारण त्याची हस्तलिखित नक्कल राहिली होती. १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकानं ते छापलं. १८५५ मधून १९७९. एकशे चोवीस वर्षं. ते छापलं कुठल्या मोठ्या प्रकाशनानं नाही, एका चळवळीच्या पत्रानं. या छोट्या पानांना कमी समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मोठ्या कमिटीनं टाकलेलं छोट्या पत्रानं उचललं.

या १२४ वर्षांत मराठी नाटकाचा सगळा इतिहास लिहून झाला. संगीत नाटकांचा सुवर्णकाळ झाला, संमेलनं झाली, शताब्दी झाली. त्या इतिहासात आपलं नाव नव्हतं, कारण आपलं नाटक कुणी वाचलं नव्हतं. आणि मग म्हणायचं, दलितांना नाटकाची परंपराच नाही. परंपरा होती. ती जलशात होती, तमाशात होती, वगात होती. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी आंबेडकरी जलसा वस्त्या-वस्त्यांत नेला. जलशाला कुणाकडं वही द्यावी लागत नाही. लिहिणारा तोच, गाणारा तोच, ढोलकीवाला शेजारी. ही त्याची ताकद. पण तिचीच दुसरी बाजू अशी की कागदावर फार थोडं राहिलं. शाहीर गेला की जलसा गेला. किती बतावण्या, किती सवाल-जवाब मातीत गेले त्याचा हिशेब नाही. कमिटीनं नापसंत केलेलं नाटक कागदामुळं वाचलं, आणि लोकांनी डोक्यावर घेतलेले जलसे कागदावाचून गेले. हा धडा कडू आहे, पण तो आपलाच आहे.

आमच्या भागाची तर आणखी एक अडचण होती. १९५४ साली मुंबई राज्यानं नाट्य महोत्सव सुरू केला, त्यातूनच पुढं राज्य नाट्य स्पर्धा वाढली. तेव्हा बीड हैदराबाद राज्यात. मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याच सुमारास औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एक वेगळीच नाटक मंडळी उभी राहिली होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली तिथं कॉलेज काढलं, तेच मिलिंद. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली पोरं तिथं पहिल्यांदा वसतिगृहात पोटभर जेवली आणि पुस्तकाला लागली. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. अस्पृश्याच्या दुःखाचा युगायुगांचा प्रवास. त्याला कुठल्या कंपनीचा उंबरा झिजवावा लागला नाही. कॉलेजची पोरं हीच कंपनी. बाबासाहेबांनी ते पाहिलं. १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी लाखो माणसांपुढं त्याचा प्रयोग झाला. ज्यांच्यावर नाटक होतं तेच समोर बसले होते. नाटक पसंत की नापसंत हे ठरवायला जोशाची गरज पडली नाही.

मग सत्तरीत आपली नाटककार मंडळी पुढं आली. नांदेडचे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी, रुस्तुम अचलखांब, टेक्सास गायकवाड, भि. शि. शिंदे, रामनाथ चव्हाण. गज्वींची 'घोटभर पाणी' ही एकांकिका १९७७ ची. दोन पात्रं आणि तहान, एवढ्यावर उभी असलेली. नेपथ्याचा खर्च नाही, पडद्याचा नाही. कॉलेजात, वस्तीत, स्पर्धेत, कुठंही होते. म्हणून ती महाराष्ट्रभर गेली आणि दुसऱ्या भाषांतही गेली. हेच गज्वी २०१९ साली नागपूरच्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दार उघडायला किती वर्षं लागतात ते मोजा.

दार उघडलं तरी आत दुसरं दार असतं. इंग्रजानं १८७६ साली नाटकावर कायदा केला, कारण बंगालात 'नीलदर्पण'सारख्या नाटकांनी निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम दाखवायला सुरुवात केली होती. खाडिलकरांचं 'कीचकवध' या असल्याच बंदीत सापडलं. इंग्रज गेला, पण नाटकाची वही आधी सरकारला दाखवायची पद्धत राहिली. महाराष्ट्रात त्यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वर मंडळानं कात्री चालवली, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मुंबईच्या माणसाला उच्च न्यायालय जवळ आहे. पाटोद्याच्या माणसाला बीड लांब आहे. म्हणून आपल्याला कायदा आणि रीत आधीच ठाऊक पाहिजे.

तेव्हा रीत सांगतो. छोटी संस्था वही हातात घेते तेव्हा ती आधी गोष्ट वाचत नाही, हिशेब वाचते. पात्रं किती? त्यांत बाया किती? जागा किती वेळा बदलते? प्रयोग किती वेळ चालतो? हे पहिल्या पानावर लिहून द्यावं. कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, दुसरी बाजू दिग्दर्शकाच्या पेन्सिलीला लागते. स्पर्धेत जायचं तर परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि लेखकाची लेखी परवानगी लागते. ही परवानगी म्हणजे तुमचा हक्क. ती तोंडी देऊ नका. वही दिल्याची तारीख लिहून घ्या, घेणाऱ्याची सही घ्या. आणि मूळ वही कधीही, कुणालाही देऊ नका. नक्कल द्या. संस्था वाईट असतात म्हणून म्हणत नाही. बिचाऱ्या पदरमोड करून नाटक करतात, त्यांच्याकडं कपाट नसतं. पण वही हरवली तर त्यांचं एक नाटक जातं, आपली तर बोलायची संधीच जाते.

आणि 'हे नाटक नाही' असं कुणी म्हटलं तर खचू नका, पण ऐकून घ्या. कधी कधी खरंच नाटक झालेलं नसतं. नुसतं भाषण असतं, आणि पात्रांच्या तोंडून आपणच बोलत असतो. कमिटी चुकली म्हणजे आपण बरोबरच असतो असं नाही. म्हणून विचारावं: कुठल्या जागी नाटक नाही? कुठलं पान सैल आहे? ज्यानं वाचलं आहे तो सांगू शकतो. ज्यानं वाचलंच नाही तो म्हणतो, पथनाट्य करा.

बाकी, मोठी दारं बंद असली तरी नाटक होतं हे आपण अलीकडंही बघितलंय. २०१२ साली अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' पुण्याच्या महापालिकेतल्या सफाई कामगारांना घेऊन केलं. ज्या पुण्यात जोतीरावांचं नाटक नापसंत झालं, त्याच पुण्यात झाडूवाल्यांनी जोतीराव उभे केले. त्याच साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. लिहिलं राजकुमार तांगडे यांनी, ते जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे शेतकरी. कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगतांचं. मराठवाड्याच्या शेतातली पोरं मुंबई-पुण्याच्या थेटरात उभी राहिली आणि आपल्याच बोलीत बोलली. बोली कुणाला कळली नाही, असं कुणी म्हणालं नाही.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. एका बसकीत नाही, तीन-चार संध्याकाळी. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, जोतीबांची नक्कल होती. माझी नाही."

म्हणलं, "तुझी आहे. तू हे नाटक कुणाला वाचून दाखवलं होतंस?"

आदल्या साली तो आई-बापाबरोबर तोडीवर गेला होता. रात्री कोपीसमोर जाळ करून त्यानं टोळीला सगळं नाटक वाचून दाखवलं होतं. दोनदा. बाया हसल्या होत्या, रडल्या होत्या, एकीनं उठून शिव्या दिल्या होत्या.

मग आम्ही तेच केलं. टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या तोंडावर, समाजमंदिरात बाया जमल्या. पोरगं मांडीवर नवी वही घेऊन बसलं. पहिला प्रवेश त्याला पाठ होता. दुसऱ्यात अडला, तर एक म्हातारी म्हणाली, "आरं, तिथं ती बाई मुकादमाला म्हणती की खाडा माझ्या पोटाचा काप." पोरानं लिहून घेतलं. डॉक्टरचा प्रवेश आला तेव्हा दोघी-तिघी एकदम बोलल्या. "डॉक्टर असं बोलत नाही. तो आपल्याकडं बघतच नाही, कागदाकडं बघून बोलतो." हे आधीच्या वहीत नव्हतं. पोराची आई मागं भिंतीला टेकून बसली होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "शेवट बदल. ती बाई नुसती रडती. मी रडले नव्हते. मी डॉक्टरला पावती मागितली होती."

पोरानं शेवट बदलला.

दक्षिणा प्राइज कमिटीत अशी एक बाई असती, तर 'तृतीय रत्न' नापसंत झालं नसतं.

आता नाटकाच्या तीन प्रती आहेत. एक पोराकडं, एक माझ्या पेटीत, एक पुन्हा एका संस्थेकडं गेली आहे. सही-तारखेसह.